माहीममध्ये सणांचं वर्ष कसं बसवतात

पुढच्या वर्षीच्या सगळ्यांच्या सणांचं वेळापत्रक लावायचं काम डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतं. टेबलावर तीन दिनदर्शिका उघडायच्या: घराघरात असते ती पंचांगाची, मशिदीतून मिळणारी हिजरी आणि चर्चची. शेजारी एक मोठा कोरा कागद, त्यावर बारा महिन्यांचे रकाने आणि पेन्सिल. पेन वापरू नये, कारण बऱ्याच तारखा नंतर खोडाव्या लागतात.

भाग माहीमचा. कॉजवेच्या, म्हणजे वांद्र्याकडे जाणाऱ्या खाडीवरच्या रस्त्याच्या, तोंडाशी सेंट मायकल चर्च, तिथून पुढे मखदूम अली माहिमी यांचा दर्गा, किनाऱ्याला कोळीवाडा, लेडी जमशेटजी रोडवर शीतलादेवीचं देऊळ, आणखी दक्षिणेला शिवाजी पार्क आणि चैत्यभूमी. रुळांपलीकडे धारावी. महापालिकेच्या लेखी हे सगळं जी उत्तर वॉर्डात येतं. समुद्राच्या बाजूचे मोठे रस्ते दोनच: वीर सावरकर मार्ग, ज्याला जुनी माणसं अजून कॅडल रोड म्हणतात, आणि लेडी जमशेटजी रोड. मिरवणूक असो, जुलूस असो, संदल (दर्ग्यावर चंदन नेणारी मिरवणूक) असो की नोव्हेनाची (चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेची) गर्दी, प्रत्येकाला यातल्या एका रस्त्यावर यावंच लागतं. म्हणून सणांसाठी सगळे एकत्र बसतात त्या बैठकीत सलोखा, बंधुभाव असले शब्द कमी येतात. ‘किती वाजता’ आणि ‘कुठून’ हे दोन प्रश्न जास्त येतात. ते सुटले की बाकीचं माणसं आपापसात नीट करतात, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

ही बैठकीची पद्धत फार जुनी नाही. भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला कमिट्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी या पोलीस अधिकाऱ्यांनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी हेच काम उभं केलं. गल्लीपातळीवर त्याचं रूप अगदी साधं असतं: प्रत्येक प्रार्थनास्थळाचा, मंडळाचा, कोळीवाड्याचा एकेक माणूस, पोलीस ठाण्यातला एक अधिकारी, आणि सगळ्यांचे चालू असलेले फोन नंबर. ‘चालू असलेले’ महत्त्वाचं आहे. दर वर्षी यादीतले दोन-तीन नंबर बदललेले निघतात आणि ते ऐन मिरवणुकीच्या रात्री कळतं. म्हणून डिसेंबरातच प्रत्येक नंबरला एकदा फोन लावून पाहायचा.

आता तारखा. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण पंचांगातलं चांद्रवर्षही ३५४ दिवसांचंच आहे, ही गोष्ट लक्षात आली की निम्मं कोडं सुटतं. अधिक मास येईपर्यंत दोन्ही कॅलेंडरं हातात हात घालून मागे सरकतात. म्हणजे एखाद्या वर्षी दोन सण एकमेकांवर आले की अधिक मास येईपर्यंत दर वर्षी ते येणारच. मग अधिक मास पडतो, मराठी महिना एका घराने पुढे जातो आणि जोडी बदलते.

उदाहरणंच पाहा. २०१८ ते २०२० गणपती आणि मोहरम एकत्र होते. २०२३ ला अधिक श्रावण आला, आणि त्या वर्षीपासून भाद्रपदाची गाठ रबी-उल-अव्वलशी पडली. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला, विसर्जन १७ ला. २०२५ मध्ये ईद ५ सप्टेंबरला, विसर्जन ६ ला. आषाढीचंही तसंच: २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला एकादशी आणि आशुरा (मोहरमचा दहावा दिवस) एकाच दिवशी. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने या सगळ्या जोड्या पुन्हा सुटतात. हे कोष्टक एकदा भिंतीवर लावलं की ‘यंदाच मुद्दाम आमच्या सणावर आणलं’ असली कुजबुज बंद होते. चंद्र कोणासाठी मुद्दाम काही करत नाही, हे आकड्यांतून दिसतं.

एक बारकावा मात्र कायम उरतो. गुढीपाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, आणि हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर. आपण ज्याला बीजेचा चंद्र म्हणतो तोच हा चाँद. म्हणून ज्या वर्षी चैत्र आणि शव्वाल (रमजाननंतरचा महिना) जुळतात, त्या वर्षी पाडव्यानंतर एक-दोन दिवसांत रमजान ईद येते: २०२४ ला पाडवा ९ एप्रिल, ईद ११ ला, २०२५ ला पाडवा ३० मार्च, ईद ३१ ला. छापील कॅलेंडरातली ईद एक दिवस पुढेमागे होऊ शकते, म्हणून कागदावर ईदेला नेहमी दोन घरं राखून ठेवायची. मंडपवाला, टेम्पो, पाण्याचे जार यांनाही बुकिंग करतानाच सांगायचं, ‘एक दिवस इकडेतिकडे होईल’. न सांगता बुक केलेला टेम्पो चाँदरातीला दुसऱ्याच कामावर गेलेला असतो.

चर्चच्या कॅलेंडरात नाताळ, १ जानेवारी, ८ सप्टेंबरचा मरियेचा जन्मदिन हे स्थिर. गुड फ्रायडे आणि ईस्टर फिरते. २०२४ चा गुड फ्रायडे २९ मार्चला होता, म्हणजे रमजानातल्या शुक्रवारी. दुपारी एकीकडे जुम्याची नमाज, दुसरीकडे क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. अशा दिवशी दोन्हीकडच्या स्वयंसेवकांनी एकत्र उभं राहून रिक्षा-टॅक्सी बाजूच्या गल्लीत वळवल्या तर अर्ध्या तासाचं काम. वेगवेगळं उभं राहिलं तर दोन तास कोंडी. पारशी नवरोज या भागापुरता सोपा: शहेनशाही वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही, म्हणून तो चार वर्षांनी एक दिवस मागे येतो. २०२३ पर्यंत १६ ऑगस्ट, २०२४ पासून १५ ऑगस्ट. पतेती हा त्याचा आदला दिवस, प्रायश्चित्ताचा. शुभेच्छा द्यायच्या त्या नवरोजच्या.

तारखांनंतर वारांची ओळ. बुधवार लाल पेन्सिलीने. सेंट मायकलमध्ये दर बुधवारी नोव्हेना असते, सकाळपासून रात्रीपर्यंत प्रार्थनांची पाळी लागते आणि सगळ्या धर्मांची माणसं हार, मेणबत्त्या घेऊन येतात. त्या दिवशी कॉजवेच्या चौकात मंडपाचं सामान उतरवायचं ठरवलं तर ट्रक तिथेच अडकतो. २०२५ ची गणेश चतुर्थी बुधवारीच होती. अशा वर्षी कारखान्यातून मूर्ती आदल्या संध्याकाळी आणलेली बरी. गुरुवारी दर्ग्यावर गर्दी, शुक्रवारी दुपारी एक ते दोन मशिदींबाहेर, मंगळवारी शीतलादेवीकडे. मोकळे म्हणावेत असे वार सोमवार आणि शनिवार. अवजड सामान हलवायचं ते त्या दिवशी, रात्री अकरानंतर.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. मंडपाची परवानगी महापालिकेच्या एक खिडकी पद्धतीने ऑनलाइन मागायची. तिला स्थानिक पोलीस, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दलाची ना-हरकत जोडलेली असते. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, पोलीस ठाण्याकडून. अर्ज दीड महिना आधी जायला हवा. अडकतो तो बहुधा नकाशावर. रस्त्याची रुंदी अंदाजे लिहिली आणि पाहणीत कमी भरली की अर्ज परत. टेप लावून मोजा, आणि अग्निशमनचा बंब किंवा रुग्णवाहिका जाईल अशी साडेतीन ते चार मीटर सलग वाट सोडूनच मंडप आखा. खांबासाठी रस्ता खणू नका. दंड होतो आणि पावसात तो खड्डा मोठा होत जातो. दोनशे लिटरच्या पिंपात वाळू भरली की ते तीनेकशे किलोचं होतं, त्याला खांब बांधायचा.

आवाजाचा नियम सगळ्यांना एकच, २००० सालचा: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ते दिवस आधी जाहीर होतात. जानेवारीत ती यादी मिळाली की झेरॉक्स काढून प्रत्येक मंडळाला, मशिदीला, चर्चला द्यायची. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. सावरकर मार्गावर हिंदुजा रुग्णालय आहे, शाळा आहेत. त्या पट्ट्यात वाजप बंद म्हणजे बंद, मग मिरवणूक कोणाचीही असो. हे सगळ्यांना सारखं लागू केलं की कोणी तक्रार करत नाही. एकाला सवलत दिली की पुढच्या महिन्यात दुसरा तीच मागतो.

फाल्गुनात होळी. कोळीवाड्यातला शिमगा हा भागातला सगळ्यात देखणा सोहळा. अलीकडच्या वर्षांत फाल्गुन आणि रमजान जुळले होते. २०२५ ची धुळवड १४ मार्चला, रमजानातल्या शुक्रवारी आली. अशा दिवसाचं घड्याळ असं लावायचं: रंग सकाळी आठ ते साडेबारा. साडेबाराला पाण्याचे पाइप बंद, आणि मशिदीकडे जाणारा रस्ता धुऊन घ्यायचा, नाहीतर पांढऱ्या कपड्यातला माणूस ओल्या रंगावरून चालत जातो. धुवायला एक टँकर पुरतो, पण झाडू मारणारे आठ हात हवेत. लहान मुलांना हे आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही. त्याच सकाळी प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर एक मोठं माणूस उभं करावं लागतं, कारण फुगा फेकणारा गच्चीत असतो, रस्त्यावर नाही. संध्याकाळी इफ्तार मार्चच्या मध्याला पावणेसातच्या आसपास. त्याआधीचा अर्धा तास दर्ग्याच्या गल्लीत चालायला जागा नसते. हातगाड्या एकाच बाजूला, गॅसच्या शेगड्या मागच्या भिंतीकडे, दोन गाड्यांमागे एक वाळूची बादली. तेलाने भडका घेतला तर पाणी ओतायचं नाही, हे दर वर्षी नव्या मुलांना नव्याने दाखवावं लागतं.

एप्रिलमध्ये १४ तारखेची बाबासाहेबांची जयंती, मिरवणुकीची, आनंदाची. मे महिन्यात ईस्ट इंडियन लोकांचे क्रूसाचे सण. ही मंडळी घरात मराठीच बोलतात, आपली वेगळी लय असलेली. गल्लीतल्या क्रूसाला हार-दिवे, संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना), आणि मग उकडलेले चणे वाटायचे. शंभर माणसांना तीन किलो सुके चणे पुरतात; रात्रभर भिजवून शिजले की साडेसहा किलोच्या घरात जातात, म्हणजे माणशी मूठभर. मीठ शिजल्यावर, आधी घातलं तर दाणा उशिरा मऊ होतो.

चण्यांवर थोडं थांबायला हवं, कारण मिश्र वस्तीत ‘सगळ्यांना काय चालेल’ हा प्रश्न वर्षभर येतो. जैनांना कांदा-लसूण-बटाटा नको. श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेकांचा मांसाहार बंद. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी ख्रिस्ती घरांत मांस नसतं. मुसलमान घरांना हलाल हवं आणि दारू घातलेलं काहीही नको, त्यात नाताळचा रममध्ये भिजवलेला केकही आला. केकमध्ये अंडं असतं, हेही सांगूनच द्यावं. नाताळच्या ताटातली नेवरी म्हणजे आपली करंजीच, आणि दोदोल तांदळाचं पीठ, नारळ आणि गूळ यांचा; हे दोन्ही बहुतेक घरांत निर्धास्त जातात. एकत्र कार्यक्रमाला उकडलेले चणे, केळी, खजूर आणि सरबत ठेवलं की वाद उरत नाही. एकादशीला तेवढे चणे काढून शेंगदाणे घ्यायचे.

सरबताचा हिशेब: दोनशे मिलीलिटरचा ग्लास, म्हणजे वीस लिटरच्या जारमध्ये शंभर ग्लास. त्याला दीड लिटर सिरप, पन्नास ग्रॅम सब्जा, सब्जा वीस मिनिटं आधी भिजवलेला. बर्फ निळसर दिसला तर परत पाठवा, तो मासळीचा असतो; खायचा बर्फ रंगहीन. कोळीवाडा जवळ असल्याने चुकीची लादी येण्याचा धोका इथे खरा आहे. मोहरमची सबील असो की विसर्जनाच्या रात्रीची पाणपोई, मोजमाप हेच.

पावसाळ्यात जूनची पहिली ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग नारळी पौर्णिमा: सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर, आणि होड्या पाण्यात. त्या दिवशी किनारा कोळ्यांचा. बाकी कोणीही तिथे काही ठेवू नये, आणि गणपतीचं काम करणाऱ्यांनी याच दिवशी कोळीवाड्यात जाऊन विसर्जनाचं ठरवून घ्यावं, कारण पाण्याचं खरं ज्ञान त्यांच्याकडे आहे.

ते ज्ञान असं. तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचं. येईल तो आकडा साधारण पूर्ण भरतीची वेळ. सहा तासांनी ओहोटी. दीड दिवसाच्या गणपतीला पंचमी, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती आणि रात्री दहाच्या आसपास पाणी सर्वांत लांब. पाच दिवसांच्याला अष्टमी, भरती संध्याकाळी सहाला; हे विसर्जन सगळ्यात सोपं, कारण आरती संपवून माणसं निघतात तेव्हा पाणी जवळ असतं. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या तोंडावर, भरती दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या आसपास, मध्ये संध्याकाळी मोठी ओहोटी. त्या वेळी किनाऱ्यावर शंभर पावलं चिखल तुडवावा लागतो. हातगाडीचं चाक वाळूत रुतलं की मूर्ती कलते आणि मूर्तीचं वजन एका बाजूच्या माणसांवर येतं. दुखापती बहुधा तिथेच होतात. महापालिका वाळूवर लोखंडी पत्रे टाकते, गाडी त्यावरूनच न्या, शेजारून मोकळी वाळू दिसली तरी. निघण्याआधी अर्धा तास पत्रे कुठवर आहेत ते एकाने जाऊन पाहून यावं. या सूत्रात अर्धा-पाऊण तासाची चूक धरा आणि त्या दिवशीचा जाहीर तक्ता पाहाच. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींना २०२५ पासून कृत्रिम तलाव सक्तीचे झाले, त्यामुळे किनाऱ्यावरची गर्दी कमी झाली पण गल्लीतल्या तलावापाशी रांगा वाढल्या. तिथे इमारतीनुसार वेळ वाटून द्यावी.

उंच मूर्ती आणायची तर आगमनाच्या आदल्या आठवड्यात रात्री दोन वाजता मार्गावर फिरायचं, मूर्तीच्या आणि गाडीच्या एकत्रित उंचीचा बांबू उभा धरून. बेस्टची वीज इथे जमिनीखालून येते. वर लोंबतात त्या इंटरनेट आणि टीव्हीच्या केबल. पावसात त्या आणखी खाली येतात, म्हणून मोजलेल्या उंचीत अर्धा मीटर जास्त धरावा. उचलायला बेचकं लाकडाचं आणि कोरडं. मंडपाच्या विजेला तात्पुरतं मीटर घ्या, आकडा टाकू नका, आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, बसवायला लावा. ओल्या जमिनीवर ती नसेल तर एक तुटकी वायर जीव घेते.

आता दोन मिरवणुकांची वर्षं. २०२३ ला भायखळ्याच्या खिलाफत हाऊसहून निघणारा मोठा जुलूस मुस्लिम संघटनांनी आपणहून २९ सप्टेंबरला नेला. सरकारने सुट्टीही त्या दिवशी दिली. २०२४ ला जुलूस १८ सप्टेंबरला, २०२५ ला ८ सप्टेंबरला. मुख्य जुलूस पुढे गेला की गल्लीतले छोटे जुलूसही पुढे जातात असं धरून चालू नये. प्रत्येक मोहल्ल्याला वेगळं विचारायचं, उत्तर लिहून घ्यायचं. विसर्जनाच्या रात्री रस्त्यावर लावलेल्या कमानी आणि पताका हा दुसरा खरा प्रश्न: ईदेच्या हिरव्या पताका आणि मंडळांच्या भगव्या एकाच खांबावर येतात. खांबांची वाटणी कागदावर करून घ्या, सम-विषम क्रमांकाने. ऐकायला बारीक वाटतं, पण रात्री पताका फाटली की ती कोणी फाडली याचीच चर्चा होते, आणि बहुतेक वेळा ती ट्रकच्या टपाने फाटलेली असते. म्हणून उंची ठरवा: साडेपाच मीटरच्या खाली काहीही बांधायचं नाही.

मिरवणूक मशिदीसमोरून किती वाजता जाणार, हे मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या, वेळेवरून ठरतं. सप्टेंबरात सूर्यास्त साडेसहा ते सातच्या दरम्यान. नमाजेला वीस मिनिटं धरा. सहा वाजेपर्यंत पुढे निघून जा किंवा सव्वासातनंतर या. आणि तिथे मशिदीतलीच दोन माणसं दोर धरायला ठेवा. त्यांची मुलं त्यांचं ऐकतात, आपली आपलं.

याच दिवसांत वांद्र्याला मोत माउलीची जत्रा, ८ सप्टेंबरच्या किंवा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर. ती कॉजवेपलीकडे असली तरी सगळी वाहतूक माहीमवरून जाते. २०२४ ला जत्रा ८ सप्टेंबरलाच सुरू झाली, गणपती आदल्या दिवशी बसलेले. दीड दिवसांचं विसर्जन आणि जत्रेचा पहिला रविवार एकाच संध्याकाळी. अशा वेळी लोकांना लोकलनेच जायला सांगावं. मे २०२५ पासून मेट्रो ३ चं शीतलादेवी स्थानकही आहे, पण जत्रेला जाणाऱ्याला वांद्रे स्टेशनच सोयीचं.

नवरात्र, दिवाळी या भागात त्यामानाने सरळ जातात. लेडी जमशेटजी रोडजवळची कंदील गल्ली मात्र पाहावी. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, नाहीतर झुरळं कागद कुरतडतात. म्हणूनच ती खळ मुलांच्या हाती देऊ नये. कामटी सुतळीने बांधताना गाठ आतल्या बाजूला, बाहेर आली तर कागद तिथेच फाटतो. याच सांगाड्यावर पाच टोकांची चांदणी करून घेतली की ती दिवाळीनंतर नाताळलाही लागते. कागद तेवढा बदलायचा.

डिसेंबर सगळ्यात गच्च. ६ तारखेला महापरिनिर्वाण दिन, लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात, चार तारखेपासून शिवाजी पार्कात मुक्काम. हा दुःखाचा दिवस आहे. शुभेच्छा देऊ नयेत, वाजप ठेवू नये. मदत करणाऱ्यांची एक चूक दर वर्षी होते: सगळं अन्न ६ तारखेच्या दुपारी येतं आणि ४ व ५ च्या रात्री काहीच नसतं. वाटप त्या दोन रात्रींना ठेवा. खिचडी चार तासांत संपेल तेवढीच करा. प्रवासाला नेता येईल अशी पोळी-चटणी आणि केळी जास्त उपयोगाची. पाणी, फोन चार्ज करायला बोर्ड, आणि पायांच्या फोडांसाठी पट्ट्या, हे तीन कधीच पुरत नाहीत.

मखदूम बाबांचा दहा दिवसांचा मेळाही याच हंगामात. बाबा चौदाव्या-पंधराव्या शतकातले कोकणी विद्वान, १४३१ मध्ये निवर्तले. पहिल्या संदलचा मान मुंबई पोलिसांचा. तो माहीम पोलीस ठाण्यातून बँडसह निघतो. नंतर मेळा संपेपर्यंत शहरभरातून संदल येतात, प्रत्येकाचा ताशा वेगळा. रेतीबंदरावर पाळणे, खाऊची दुकानं, आणि घरोघरी पाहुण्यांसाठी आणलेला माहीमचा हलवा, पातळ चौकोनी वड्यांत कागद घालून रचलेला. संदलना वेळ वाटून द्यावी लागते, दोघांमध्ये निदान अर्धा तास. मेळ्यातल्या हरवलेल्या मुलांसाठी एकच ठिकाण ठरवा आणि मराठी, हिंदी, उर्दूत फलक लावा. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवायला पालकांना आधीपासून सांगत राहा.

२४ च्या रात्री कॅरोल, मध्यरात्रीची मिस्सा. ३१ ला गल्लीगल्लीत जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतात. त्यात गवत आणि कागदच भरावा. जुन्या गादीचा फोम भरला तर काळा धूर वरच्या मजल्यांवर जातो आणि दम्याच्या माणसांना रात्र काढणं कठीण होतं. केबलखाली जाळू नये, शेजारी वाळूच्या दोन बादल्या.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की नाताळच्या गव्हाणी (येशूजन्माचे देखावे) उतरतात. तोवर धारावीच्या कुंभारवाड्यात पोंगलच्या मडक्यांची मागणी गेलेली असायला हवी. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी भाजलेल्या मडक्यात तिरुनेलवेलीकडची कुटुंबं रस्त्यावर चूल मांडून पोंगल करतात, आपली संक्रांत असते त्याच सुमारास. मडकं आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवायचं. कोरडं थेट जाळावर चढवलं तर बुडाला तडा जातो. दूध उतू जाईपर्यंत जाळ मोठा, मग तांदूळ आणि त्याच्या निम्मी मुगाची डाळ, गूळ सगळ्यात शेवटी, नाहीतर दाणा शिजत नाही. ऊस चुलीच्या दोन्ही बाजूंना बांधतात, ते ज्वाळेपासून हातभर लांब. आणि मडकं घेताना ते एका हातावर तोलून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर खाली ठेवून पुढचं उचलायचं.